छोटा ट्रेलर घ्यायचाय, पण पत्नीची तयारी नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

न्यू जर्सीत राहणारे एक वाचक लिहितात: आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा. गेले दोन-तीन उन्हाळे तंबू घेऊन कॅम्पिंगला जातोय. मुलं आणि मी खूश असतो, पण पत्नीची पाठ धरते आणि मागच्या वेळी तर रात्रभर पावसाने झोडपलं. म्हणून मी १७ फुटी ट्रेलर बघून ठेवला आहे. बंक बेड, छोटं किचन, आत टॉयलेट. किंमत २२,००० डॉलर. ड्राय वेट २,९५० पौंड आहे आणि आमची टोयोटा हायलँडर हायब्रिड ३,५०० पौंड ओढते, त्यामुळे गाडी बदलायची गरज नाही. शिवाय हॉटेलचे पैसे वाचतील. पत्नी म्हणते, एवढ्या पैशात सगळे दोन-तीनदा भारतात जाऊन येऊ. हायवेवर एवढं धूड मागे लावायची तिला भीती वाटते. आणि घरी भांडी घासते तीच जंगलात जाऊन घासायची तर सुट्टी कसली? मित्र म्हणतात, सरळ बुक कर, दारात आला की तिलाही आवडेल. डीलरची सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे. तिला कसं पटवू?

उत्तर

तुमच्या पत्रातले आकडे आधी नीट मांडून बघितले. भीतीच्या मुद्द्यावर तुमच्या पत्नीचं म्हणणं बरोबर आहे. हा ट्रेलर तुमच्या गाडीला झेपणारा नाही.

ड्राय वेट म्हणजे कारखान्यातून रिकामा बाहेर पडतानाचं वजन. त्यात पाणी नसतं, सामान नसतं, बहुतेक वेळा बॅटरी आणि सिलिंडरमधला गॅसही धरलेला नसतो. आता भरून बघा. २० गॅलनची पाण्याची टाकी भरली की १६७ पौंड, कारण एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचं. सिलिंडरमधला प्रोपेन २० पौंड. बॅटरी ५०-६०. मग पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, लेव्हलिंगचे ठोकळे, खुर्च्या, अंथरुणं, भांडी, चौघांचे कपडे, खाणं, मुलांच्या सायकली. चार जणांच्या कुटुंबाचं हे सगळं सहज ४५० पौंड होतं. बेरीज ३,६४० च्या आसपास, आणि मर्यादा ३,५००. पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघालात तरी अगदी काठावर.

त्याहून महत्त्वाचं आहे टंग वेट, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर (मागच्या जोडणीवर) जो भार टाकतो तो. हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. ३,६४० चे १२ टक्के धरले तर ४३७ पौंड. तुमच्या वर्गातल्या गाड्यांना तो साधारण ३५० पर्यंतच चालतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आणि हिचवरच्या पट्टीवर मिळेल. इथे बरेच जण सामान मागच्या बाजूला सरकवून पुढचा भार कमी करतात. तिथेच घात होतो. मागे जड झालेला ट्रेलर एखादा मोठा ट्रक शेजारून गेला की हवेच्या झोताने डावी-उजवीकडे हलू लागतो, आणि वेग जास्त असेल तर ते हलणं वाढत जातं. अशा वेळी जोरात ब्रेक मारणं किंवा स्टिअरिंग उलट फिरवणं दोन्ही घातक. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ही कळ नेमकी कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्या दोघांनाही न बघता सापडलं पाहिजे.

तिसरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर आहे. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते तिथे लिहिलेलं असतं, आणि टंग वेटसुद्धा त्यातच मोजायचं. उन्हाळ्यात तुमचे किंवा पत्नींचे आई-बाबा आले आणि मागच्या सीटही भरल्या, तर हा आकडा सगळ्यात आधी ओलांडला जातो.

तेव्हा बघायचं ते ड्राय वेट नव्हे, तर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं कमाल मान्य वजन. ते गाडीच्या ओढण्याच्या मर्यादेच्या ८० टक्क्यांत बसावं, असा जुन्या जाणत्यांचा ठोकताळा आहे. तुमच्या बाबतीत २,८००. एवढ्यात टिअरड्रॉप येतो, घडीचा पॉप-अप येतो आणि १३ फुटी फायबरग्लासचा ट्रेलर येतो. टिअरड्रॉपमध्ये दोघांपुरतीच झोपायची जागा. स्वयंपाक मागचं झाकण उघडून बाहेर उभ्याने. पॉप-अपला कापडी भिंती असतात. पावसात भिजून आला की एक-दोन दिवसांत घरी उघडून वाळवावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. पावसाची ती रात्र ज्यांना अजून आठवते त्यांच्यापुढे हा पर्याय ठेवू नका. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिजसारख्या काही ठिकाणी अस्वलांमुळे कापडी भिंतींचे ट्रेलर घेतही नाहीत. स्कॅम्पसारखा १३ फुटी फायबरग्लासचा ट्रेलर वजनाला हलका, वरून जोड कमी म्हणून गळायचा धोका कमी, आणि जुना झाला तरी किंमत टिकवतो. पण त्यात पुढच्या बाजूला एकतर मुलांचे बंक किंवा बाथरूम, दोन्ही नाही. या गाडीसोबत चौघांना झोपायला जागा आणि आत टॉयलेट दोन्ही हवं असेल तर निवड फार थोडी उरते. नाहीतर गाडीही बदलावी लागेल, आणि मग हिशोबच वेगळा.

तुमच्या पत्नींना ही आकडेमोड दाखवा, आणि ‘तुझी भीती बरोबर होती, मी चुकीचा आकडा बघत होतो’ हे स्पष्ट सांगा. यात तुमची बाजू पडत नाही. पुढची बोलणी जरा मोकळी होतील.

आता पैसे. हॉटेलचे पैसे वाचतील, हे मांडूच नका, कारण ते टिकत नाही. २२,००० वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे जवळजवळ १,४६० डॉलर. हिच, सात पिनांचं वायरिंग, ब्रेक कंट्रोलर आणि सुरुवातीचं सामान यांना १,५०० धरा. २५,००० झाले. पाच वर्षांनी निम्म्या किमतीला, ११,००० ला विकला, तर १४,००० गेले, वर्षाला २,८००. तुमच्या एचओएला, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीला, ड्राइव्हवेत ट्रेलर चालत नसेल (बहुतेकांना चालत नाही, नियमावली आजच काढून बघा) तर स्टोरेजचे महिना १०० धरून वर्षाला १,२००. ट्रेलरचा स्वतंत्र विमा आणि देखभाल मिळून ६५०. वर्षाला ४,६५० डॉलर. आता रात्री मोजा. न्यू जर्सीत शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुटते. सहा वीकएंड आणि एक सलग आठवडा काढलात तर १९ रात्री. एका रात्रीला २४५ डॉलर, वर कॅम्पग्राउंडचे ५०, आणि ओढताना मायलेज निम्म्यावर येतं ते वेगळंच. स्टोरेज, विमा आणि विक्रीची किंमत मी अंदाजाने धरली आहे. तुमचे आकडे घाला, पण रात्री मोजताना आशेने नको, मागच्या वर्षीचं कॅलेंडर समोर ठेवून मोजा.

ट्रेलर घेण्याची चांगली कारणं आहेतच. मुलं या वयात आहेत तोवर त्यांना रात्रीचं आकाश, झरे आणि आपापलं अंथरुण स्वतः आवरायची सवय मिळणं मोलाचं आहे, त्यासाठी पैसे खर्च करणं मुळीच वावगं नाही. पण तो खर्च आहे, बचत नव्हे. तसा मांडलात तर भारतवारीशी त्याची प्रामाणिक तुलना होईल. त्या तुलनेत रजाही धरा. तीन आठवडे भारतात घालवल्यावर कॅम्पिंगला किती दिवस उरतात? तुमच्या पत्नींच्या मनात पैशापेक्षा हाच प्रश्न असू शकतो, आणि त्यामागे तिकडे वाट बघणारे आई-वडील. ते आधी विचारा.

आणि आता भांडी. तुमच्या पत्रात ते वाक्य शेवटी आलंय, मला मात्र नकाराचं मूळ तिथेच दिसतं. तंबू गेला आणि ट्रेलर आला तर पाठीचा आणि पावसाचा प्रश्न सुटेल. स्वयंपाक, भांडी आणि आवराआवर तशीच राहील, उलट वाढेल, कारण ट्रेलरचं किचन तंबूपेक्षा ‘सोयीचं’ म्हणून तिथे पूर्ण जेवण करायची अपेक्षा येते. त्या किचनची सोय किती ते नीट माहीत असू द्या. आत फोडणी केली की मोहरी तडतडण्याआधी धुराचा अलार्म ओरडतो. हिंग-लसणाचा वास गादीत आणि पडद्यांत उतरतो आणि चार दिवस निघत नाही. भांड्यांचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं, तो छोट्या ट्रेलरला २०-२५ गॅलनचा. चौघांची भांडी आणि एखादी आंघोळ, की दुसऱ्या दिवशी भरला. तेल-मसाल्याचा थर टाकीला बसून वास मारतो तो वेगळाच.

याला उपाय आहेत. चूल बाहेर, टेबलावर, दोन बर्नरची. आत फक्त चहा आणि दूध. भाज्यांचे मसाले घरून परतून डब्यात गोठवून न्यायचे, ते कूलरमध्ये बर्फाचंही काम करतात. थालीपिठाची भाजणी, कांदेपोह्यांचं भाजलेलं सामान, ठेपले. ताटं आधी कागदाने पुसून मगच पाण्याला लावायची, म्हणजे टाकीत खरकटं जात नाही. आणि हे सगळं तुम्ही करायचं. ‘मी मदत करीन’ असं म्हणू नका. मदत म्हटलं की मुख्य काम दुसऱ्याचं असं गृहीत धरलं जातं. वीकएंडचा स्वयंपाक, यादी, खरेदी, भांडी, परतल्यावरची धुलाई ही तुमची, असं ठरवा आणि ट्रेलर यायच्या आधी, पुढच्या तंबूच्या कॅम्पिंगला करून दाखवा.

टॉयलेटचं कामही तुमचंच धरा, आणि ते कसं करायचं ते आत्ताच समजून घ्या. ब्लॅक टँकचा, म्हणजे टॉयलेटच्या टाकीचा, व्हॉल्व्ह कॅम्पग्राउंडच्या सांडपाण्याला जोडलेला असला तरी बंद ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला टाकीत साचून ढीग होतो, तो मग निघता निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली की डम्प स्टेशनवर हातमोजे घालून आधी ब्लॅक रिकामी करायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. नंतर ब्लॅकमध्ये थोडं पाणी आणि टाकीचं औषध घालून व्हॉल्व्ह बंद. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ‘कोण करणार’ हे ठरलेलं नसेल तर त्यावरून दर ट्रिपला वाद होतो.

छोट्या ट्रेलरचं बाथरूम बहुधा एकत्र असतं, शॉवर घेतला की कमोडही भिजतो. त्यामुळे आंघोळ कॅम्पग्राउंडच्या बाथहाऊसमध्ये आणि आतलं टॉयलेट फक्त रात्रीपुरतं, ही व्यवस्था बऱ्याच कुटुंबांना मानवते. रात्री दोन वाजता सहा वर्षांच्या मुलाला घेऊन टॉर्च लावून चालत जायचं नाही, एवढ्या एका सोयीसाठी कित्येक आयांनी होकार दिलेला आहे.

मित्रांचा सल्ला ऐकू नका. विचारल्याशिवाय दारात आणलेला २५,००० डॉलरचा ट्रेलर बघून पुढचा प्रत्येक गळका नळ आणि प्रत्येक पंक्चर तुमच्या खात्यावर लिहिलं जाईल. सवलतीची मुदतही सोडून द्या. हंगाम संपला, ऑक्टोबर-नोव्हेंबर आला, की हिवाळ्यात ट्रेलर सांभाळायला नको म्हणून विकणारे बरेच निघतात.

विकत घ्यायच्या ऐवजी आधी भाड्याने घ्या, तेही ओढत न नेता. आऊटडोअर्झी किंवा आरव्हीशेअर या वेबसाइटांवर असे मालक मिळतात जे ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून, समतल करून, वीज-पाणी जोडून देतात आणि नंतर घेऊन जातात. पहिल्या खेपेला घरापासून दीड-दोन तासांवरची, वीज आणि पाणी असलेली जागा घ्या. ट्रेलर पोचवायला परवानगी आहे ना हे कॅम्पग्राउंडला विचारा. शुक्रवार-शनिवार, दोनच रात्री. उन्हाळ्यातल्या उकाड्यात विजेशिवायची जागा घेतलीत तर एसी चालणार नाही आणि तुमच्या पत्नींना ट्रेलर म्हणजे तापलेला डबा एवढंच लक्षात राहील. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नॅशनल पार्कमध्ये कुठल्याच कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही, म्हणून ते दुसऱ्या खेपेला.

त्या दोन दिवसांत ट्रेलर आवडला का, असं दर तासाला विचारू नका. रविवारी घरी आल्यावर तीन गोष्टी विचारा: झोप लागली का, किती वेळ निवांत बसायला मिळालं, कुठल्या कामाचा वैताग आला. तिसऱ्याचं उत्तर लिहून ठेवा आणि दुसऱ्या खेपेला त्यावर काहीतरी केलेलं दिसू द्या. वेगळ्या मांडणीचा ट्रेलर घ्या. कायमचा पलंग असलेला आणि रोज रात्री टेबल मोडून पलंग करायचा असलेला, यातला फरक एका रात्रीत कळतो.

तिसरी खेप ओढण्याची, आणि वजन गाडीत बसत असेल तरच. आधी रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनीही चालवून बघा. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात न्यायचा. मागे उभ्या असलेल्या माणसाने ओरडायचं नाही, फोन लावून बोलायचं, आणि आरशात दिसेल असंच उभं राहायचं. जोडप्यांची कॅम्पग्राउंडवरची निम्मी भांडणं मागे घेतानाच होतात, तेव्हा सुरुवातीला पुल-थ्रू जागाच बुक करा, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येतं.

रस्ताही बघून ठेवा. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलर चालत नाहीत. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून १० पौंडांवरचा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही, म्हणजे तुमचा २० पौंडांचा सिलिंडर घेऊन आय-९५ हायवेवरून सरळ जाता येणार नाही. शहराभोवतीच्या ६९५ हायवेच्या पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो, कारण पूर्वेकडचा फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज मार्च २०२४ मध्ये कोसळला. शेनँडोआला जायला तुम्हाला आय-७८ आणि आय-८१ हाच रस्ता सोपा. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला पुढे कधी गेलात तर गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या भागात गाडी आणि ट्रेलर मिळून २१ फुटांपेक्षा लांब चालत नाही.

तीन खेपांनंतर होकार आला, तर मांडणी पत्नींना निवडू द्या आणि वापरलेला बघा. पावसानंतरच्या दिवशी जा. कोपरे, खिडक्यांच्या कडा, गादीखालची फळी आणि दाराजवळची जमीन अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागली किंवा वास आला तर परत फिरा, आतलं लाकूड कुजलेलं असतं. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांवरचे टायर बदलायचे, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि उभं राहून मरतात. घेतल्यावर पहिल्या ५० मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा कसा, आणि थंडी पडण्याआधी पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरा, नाहीतर पाइप आणि पंप फुटतात.

आणि नकारच आला तर तोही खरा मानायचा. मग तुमच्या वजनात बसणारा, दोन मुलं आणि तुम्ही एवढ्यांपुरता छोटा ट्रेलर त्यांना चालेल का, हे विचारता येईल. किंवा शेनँडोआतल्या बिग मेडोजला जा: तिथे कॅम्पग्राउंड आणि लॉज शेजारी शेजारी आहेत. तुम्ही मुलांना घेऊन तंबूत, पत्नी लॉजच्या खोलीत, पलंगावर. सकाळचा नाश्ता तुम्ही करायचा, रात्रीचं जेवण लॉजच्या डायनिंग रूममध्ये. कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, लॉजची खोली त्याच दिवशी बघून ठेवा.